खेळाडू मुलीची पाळी थांबते तेव्हा: डायरी, डबा आणि तपासण्या

पुण्यात सणस मैदानावर किंवा बालेवाडीच्या ट्रॅकवर पहाटे साडेपाचला येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी थांबली आहे, हे आम्हाला बहुतेक वेळा भलत्याच तक्रारीतून कळतं. नडगी दुखते, महिनोन् महिने वेळ सुधारत नाही, सर्दी हटत नाही, दुपारी वर्गात झोप येते. विचारलं की मुलगी सहज सांगते, “मॅडम, पिरियड्स बंदच आहेत सध्या. बरंच आहे ना, स्पर्धेत टेन्शन नाही.” आई म्हणते, “खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं म्हणे.” खेळणाऱ्या मुलींमध्ये हे जास्त दिसतं हे खरं आहे. पण दिसतं म्हणून ते ठीक होत नाही.

आम्ही म्हणजे ट्रॅकवर शिकवणाऱ्या आणि मुलींचा आहार बघणाऱ्या काही जणी. अशा मुलीबरोबर पाळी परत येईपर्यंतचा रस्ता कसा चालतो आणि कुठे अडतो, ते इथे लिहितो आहोत.

सुरुवात तारखांपासून. बहुतेक घरांत मोजणीच चुकीची असते. रक्तस्राव थांबल्यापासून पुढच्या पाळीपर्यंत दिवस मोजले जातात. मोजायचं ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत, आणि नुसते डाग पडले तर तो पहिला दिवस धरायचा नाही. आयुष्यातली पहिली पाळी आल्यानंतरचं वर्षभर अनियमितपणा चालतो. त्यानंतर तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत २१ ते ४५ दिवसांचं अंतर सामान्य, आणि तीन वर्षं झाल्यावर २१ ते ३५. पहिलं वर्ष उलटल्यावर एकदा जरी ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तरी डॉक्टरांकडे जायचं. वय १५ पूर्ण झालं आणि पहिली पाळीच आलेली नाही, किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी पाळी नाही, तरीही जायचं. तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढच सुरू झाली नसेल तर पंधराव्याची वाट बघायची नाही.

नोंद मोबाइलच्या ॲपमध्ये ठेवा नाहीतर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करा, आमची हरकत नाही. ॲपची एकच खोड लक्षात ठेवावी: पुढची तारीख ते अंदाजाने दाखवतं आणि मुली तीच आलेली तारीख समजतात. त्याहून मोठा घोळ गोळ्यांचा. गौरी-गणपतीत किंवा स्पर्धेसाठी पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरोन घेतलं जातं. ते बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत जो रक्तस्राव होतो, तो गोळी सोडल्याचा परिणाम असतो. वहीत तो वेगळ्या रंगाने लिहायचा. एरवी कागदावर मुलगी नियमित दिसते आणि प्रत्यक्षात सहा महिने तिची स्वतःची एकही पाळी आलेली नसते.

पाळी थांबण्याचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संप्रेरकाचे ठोके देतो. त्यावर मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, आणि त्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं. खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामाची ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामाला पुरेसं उरलं नाही, की हे ठोके विरळ होतात. म्हणजे आजारी अंडाशय नसतं, वरून हुकूम येणं थांबलेलं असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या प्रकाराला ‘रेड-एस’ (खेळात शरीराला ऊर्जा कमी पडणं) हे नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्याची मांडणी पुन्हा सुधारली. तो मुलग्यांनाही होतो. मुलींमध्ये निदान पाळीच्या रूपाने इशारा तरी मिळतो.

ही उरलेली ऊर्जा मोजता येते. वजनातून चरबी वजा करून जे वजन राहतं, त्याच्या दर किलोला दिवसाला ४५ किलोकॅलरी उरल्या तर उत्तम. ३० च्या खाली गेलं की प्रयोगांत एलएचचे ठोके बिघडलेले दिसले आहेत. ३० ही काही भिंत नव्हे, काही मुलींचं बत्तीसलाही बिघडतं. एक हिशेब करून बघा. मुलगी ४८ किलोची, चरबी सोडून अंदाजे ३८ किलो. (चरबी मोजायला जिमच्या मशीनवर उभं करू नये. आकडा बेभरवशाचा असतो आणि मुलीच्या डोक्यात तो कायमचा बसतो. ऐंशी टक्के धरून चाला.) धावण्याला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे आठ किलोमीटरला ३८० च्या आसपास. ड्रिल आणि संध्याकाळचा व्यायाम धरून ६००. ती दिवसभरात १६०० खात असेल तर उरल्या १०००, भागिले ३८, म्हणजे २६. तिला ४५ गाठायचे तर रोज सुमारे २३०० हवेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १३ ते १५ वयाच्या मुलीला २४०० आणि १६ ते १८ ला २५०० किलोकॅलरी धरल्या आहेत, म्हणजे हा आकडा काही खेळाडूंचे लाड नव्हेत.

वजनावर विसंबू नये. कमी ऊर्जेत शरीर काटकसर करतं, थायरॉइडचं टी३ हे संप्रेरक खाली आणतं, हातपाय गार पडतात, पण काट्यावर वजन तेवढंच राहतं. “वजन तर कमी झालं नाही, मग खाणं कमी कसं?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते.

मग येते तीन दिवसांची आहारनोंद: शाळेचे दोन दिवस आणि एक रविवार. वाटी, पळी, चमचा घरचाच, फक्त एकदा त्यात किती मावतं ते मोजून घ्यायचं. पोळीला किती पीठ, वर तूप लागलं का, डब्यातलं किती परत आलं, हेही लिहायचं. परत आलेल्या डब्याची नोंद सगळ्यांत बोलकी असते. पुण्यातल्या शाळकरी खेळाडूचा दिवस साधारण असा निघतो: पाचला चहा आणि दोन बिस्किटं, दीड तास मैदान, तिथून तडक शाळा, साडेदहाच्या सुट्टीत डबा. पण त्या वीस मिनिटांत हात धुणं, मैत्रिणी आणि अर्धा डबा. दुपारी घरी वरण-भात, मग क्लास, पाचला पुन्हा मैदान, रात्री साडेनवाला दोन पोळ्या, आणि “रात्री भात नको” म्हणून भात नाही. मुलगी उपाशी कुठेच नाही. सकाळच्या व्यायामानंतर साडेतीन तास तिच्या पोटात काही नाही, एवढंच. दिवसाची बेरीज कशीबशी जमली तरी असे लांब खंड स्वतःच त्रास देतात.

त्यात रील बघून सोडलेला भात, त्वचेसाठी सोडलेलं दूध, संकष्टी, आणि नवरात्र. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि नवरात्र बहुतेक एकाच सुमारास येतात. उपासाला साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, रताळं खाल्लं तर ऊर्जा कमी पडत नाही. आठवणारे दाखले सगळे फळं आणि ताक यांवर नऊ दिवस काढणाऱ्या मुलींचे आहेत. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकाचा सराव असतो. तो खेळात कुणी धरत नाही, पण कमरेला ढोल बांधून दोन तास उभं राहून वाजवणं हा व्यायामच आहे. तो हिशेबात घालायचा.

डॉक्टरांकडे जाताना हे सगळं कागदावर न्यावं. पाळीच्या तारखा, आहारनोंद, सरावाचं वेळापत्रक, शाळेत वर्षावर्षाला मोजलेली उंची, आईची पहिली पाळी कितव्या वर्षी आली, घेतलेल्या सगळ्या गोळ्या आणि पावडरी. स्त्रीरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करावी, रिपोर्ट गुंतागुंतीचे आले तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञ. खाजगी परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जायचं आणि दिवस मोकळा ठेवायचा.

पहिली तपासणी लघवीची, गर्भधारणा वगळण्याची. इथे घरचे भडकतात. ती प्रत्येक मुलीची करतात, संशयाने नव्हे, कारण तिच्याशिवाय पुढचे आकडे वाचता येत नाहीत. डॉक्टर मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोलतील, तेव्हा आईने बाहेर बसावं. बऱ्याचदा जेवणाची खरी गोष्ट तिथेच निघते.

रक्तात टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन), हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि बी १२. चेहऱ्यावर जाड केस किंवा खूप मुरुमं असतील तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुष संप्रेरक आणि १७-ओएचपी (अॅड्रिनल ग्रंथीचा दोष वगळण्यासाठी). रक्त द्यायचं सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, उपाशीपोटी, आणि त्या दिवशी मैदानाला सुट्टी. व्यायाम, धावपळ, सुईची भीती यांनी प्रोलॅक्टिन चढतं आणि नसलेल्या आजाराच्या मागे एमआरआयपर्यंत मजल जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गमीज चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद. त्या थायरॉइडचे आकडे बिघडवतात. सोनोग्राफी पोटावरून होते, मूत्राशय भरलेलं असताना. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखायची. शाळकरी मुलींची आतून सोनोग्राफी करत नाहीत, हे तिला आधीच सांगितलं की निम्मी भीती जाते.

रिपोर्ट डॉक्टरच वाचतील, पण आईला ढोबळ अर्थ माहीत असावा. एलएच खालचं, इस्ट्राडायॉल खालचं, एफएसएच साधारण, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच ठीक: हे चित्र ऊर्जा कमी पडल्याचं. एफएसएच बरंच वर असेल तर अंडाशयाचा प्रश्न, महिन्याभराने पुन्हा तपासून पुढे जातात. प्रोलॅक्टिन दुसऱ्यांदाही वर, त्यात डोकेदुखी, नजर अंधुक किंवा स्तनातून दूध, तर पिट्यूटरीकडे बघायचं. ‘खाणं कमी पडतंय’ हे निदान बाकीचं सगळं वगळल्यावरच होतं. मुलगी धावते म्हणून तपासणीच न करणं तेवढंच चुकीचं.

आता ज्या कागदाने आमचं सगळ्यांत जास्त काम वाढतं, तो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक दिसणारी अंडाशयं’ असं लिहून येतं आणि घरात ‘पीसीओडी’ (डॉक्टरी भाषेत पीसीओएस: पुरुष संप्रेरकं वाढून पाळी अनियमित होण्याचा विकार) हा शब्द पक्का होतो. या वयात अंडाशयात बऱ्याच लहान पुटिका असणं स्वाभाविक आहे. म्हणूनच पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. अनियमित पाळीबरोबर पुरुष संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा आकडे लागतात. पण शब्द एकदा चिकटला की मावशी-आत्या सल्ला देतात, “साखर-भात बंद कर, वजन उतरव, रोज चालायला जा.” जी मुलगी कमी खाऊन जास्त धावल्यामुळे अडली आहे, तिला आणखी कमी खा आणि आणखी चाल असं सांगणं म्हणजे कोरड्या विहिरीवर दुसरा पंप बसवणं. खेळाडू मुलीला पीसीओएस असूच शकत नाही असं नाही, दोन्ही एकत्रही असतात. पण मग टेस्टोस्टेरॉनचा आकडा हातात हवा, नुसता सोनोग्राफीचा शेरा नको.

दुसरी घाई गोळ्यांची. पाच ते दहा दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी देऊन रक्तस्राव होतो का ते डॉक्टर बघतात. ती चाचणी आहे. इस्ट्रोजेन फारच कमी असेल तर त्यानेही येत नाही. नियमित गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला रक्तस्राव होतो, घर निश्चिंत होतं, आणि आत काहीच सुधारलेलं नसतं. हाडांनाही त्यांचा भरवशाचा फायदा नाही. सहा महिने ते वर्षभर खाणं-सराव नीट करूनही पाळी आली नाही, तर त्वचेवर लावायच्या पॅचमधून इस्ट्रोजेन आणि बरोबर ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन देण्याचा विचार करतात. हाडांच्या दृष्टीने तो मार्ग बरा मानला जातो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

हाडांची घाई मात्र खरी आहे. मुलींच्या हाडांची जन्मभराची घनता अठराव्या वर्षापर्यंत जवळजवळ नव्वद टक्के भरून होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत इस्ट्रोजेन गायब असतं. पाळी सहा महिने नसेल किंवा हाडाला ताणाची भेग पडून गेली असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन मागावा. या वयात तरुण प्रौढांशी तुलना करणारा टी-स्कोअर बघायचा नसतो, त्याच वयाच्या मुलींशी तुलना करणारा झेड-स्कोअर बघतात. खेळाडू मुलीत उणे एकच्या खाली गेला तरी लक्ष घालतात, कारण धावणाऱ्यांची हाडं इतरांपेक्षा मजबूत असायला हवीत. नडगीवर बोट ठेवून एकाच जागी दुखत असेल, किंवा एका पायावर उडी मारताना जांघेत कळ येत असेल, तर त्या दिवशीच धावणं बंद. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. “एक्स-रेत काही नाही” म्हणून स्पर्धेला पाठवल्यावर काय होतं, ते मैदानावर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जांघेतल्या दुखण्याला एमआरआय लागतोच, तिथलं हाड सरकलं तर शस्त्रक्रिया होते.

खाणं वाढवताना एकदम सातशे किलोकॅलरी वाढवल्या की मुलीचं पोट फुगतं आणि ती दोन दिवसांत सोडते. तीनशेपासून सुरुवात करतो, दोन आठवड्यांनी पुढचे दोन-तीनशे. मैदानावर जाण्याआधी चहा-बिस्किटाऐवजी एक केळं किंवा चार खजूर. सराव संपल्यावर अर्ध्या तासात, शाळेच्या वाटेवरच, स्टीलच्या बाटलीत सायीचं दूध आणि दोन दाण्याचे लाडू. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० किलोकॅलरी असतात, चमचाभर तुपात ४५. पोळीला तूप लावून डब्यात एक पोळी वाढवली की आणखी दीडशेच्या आसपास. आई प्रेमाने मोड आलेली उसळ आणि कोशिंबीर वाढवते. त्याने पोट भरतं, ऊर्जा फारशी वाढत नाही. त्या मुलीला काही काळ कोशिंबीर कमी आणि भात जास्त, असं उलटं सांगावं लागतं. आजी लोकांना हे लगेच पटतं, अडतात ते बाबा आणि मुलगी स्वतः.

कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम, सोळानंतर १०५०. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दोन ग्लास दूध आणि वाटीभर दही एवढ्यात ते बरंचसं बसतं. फेरिटिन कमी आलं असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांच्या मात्रेनेच, आणि जेवणाबरोबर चहा बंद. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला असू शकतं, म्हणून ते वेगळं तपासायचं.

सराव पूर्ण बंद करावा लागतोच असं नाही. लांब धाव आणि दिवसातलं दुसरं सत्र आधी काढतो, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, ताकदीचे व्यायाम हलके ठेवतो. सुट्टीच्या दिवशी सिंहगड किंवा वेताळ टेकडी चढायची नाही, हे वेगळं सांगावं लागतं. सुट्टीच्या दिवशी खाणंही कमी करायचं नाही. वजन दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी, घरी, आणि आकडा आईकडे. मैदानावर सगळ्यांसमोर वजन करणं कुठे चालू असेल तर पालकांनी प्रशिक्षकांना स्पष्ट सांगून थांबवावं.

काही खुणा दिसल्या तर हा रस्ता आमच्या हातचा राहत नाही. जेवण झालं की बाथरूम गाठणं, डबा लपवून टाकून देणं, उठताना चक्कर, दिवसा स्वस्थ बसलेली असताना नाडी ५० च्या खाली. धावपटूची नाडी कमी असते, म्हणून घरात तिचं कौतुक होतं. इतर खुणांबरोबर ती आली तर ईसीजी, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ, त्याच आठवड्यात.

पाळी परत यायला महिने लागतात, पुष्कळदा सहा किंवा त्याहून जास्त. आधी झोप आणि चिडचिड सुधारते, हातपाय गरम राहतात, सराव हलका वाटतो. मग अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ, ताणला जाणारा स्राव दिसतो, स्तन जड वाटतात, एखादी पुटकुळी येते. मुली त्याने घाबरतात, आम्हाला ती इस्ट्रोजेन परतल्याची खूण वाटते. ज्या वजनाला पाळी गेली होती, त्यापेक्षा थोडं जास्त झाल्यावरच ती परत येते असंही पुष्कळदा होतं, आणि ते मुलीला आधीच सांगितलेलं बरं. पहिली पाळी फिकी आणि दोन दिवसांची असू शकते, दुसरी पन्नास दिवसांनी. दर तासाला पॅड भिजत असेल किंवा सात दिवसांवर चाललं तर मात्र डॉक्टर.

दर वेळी ४५ दिवसांच्या आतल्या अंतराने, अशा सलग तीन पाळ्या आल्या की काढलेलं दुसरं सत्र परत देतो. ते सुरू होण्याच्या आठवडाभर आधी डब्यात त्या सत्राइतकी भर पडलेली असायला हवी. पुढचा खंड पुन्हा ४५ च्या वर गेला तर ते सत्र काढायचं आणि तीन दिवसांची आहारनोंद परत सुरू. डेक्सा आधी कमी आला असेल तर पुढचा वर्षभराने, त्याच मशीनवर, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते.